नखावरची काळी रेघ : मतदानाची शाई नखाच्या मुळाशीच का लावतात?

१३ मे २०२४ रोजी नंदुरबार लोकसभा मतदारसंघात मतदान झाले. त्यानंतर १९१ दिवसांनी, २० नोव्हेंबर २०२४ रोजी, तेच मतदार विधानसभेसाठी पुन्हा रांगेत उभे राहिले. दोन्ही वेळा डाव्या हाताच्या तर्जनीवर काळी रेघ ओढली गेली. मग मधल्या काळात पहिली रेघ गेली कोठे? ती कोणी खोडली नव्हती. नख मुळाकडून पुढे सरकत राहिले आणि कापून टाकलेल्या नखांच्या तुकड्यांबरोबर तीही थोडीथोडी गळून पडली.

आजचा थ्रेड या रेघेविषयी आहे, आणि ती जिच्यावर ओढली जाते त्या नखाविषयीही. महाराष्ट्राच्या ४८ लोकसभा मतदारसंघांच्या यादीत नंदुरबार पहिल्या क्रमांकावर आहे. विधानसभेच्या २८८ जागांच्या यादीतला पहिला क्रमांकही याच जिल्ह्यातल्या अक्कलकुव्याचा. तेव्हा सुरुवात येथूनच करणे रास्त ठरेल.

आधी बोट उलटसुलट करून पाहू. एकाच बोटाच्या दोन बाजूंनी राज्यसंस्थेला दोन वेगळी कामे दिली आहेत. खालची बाजू म्हणजे ठसा. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले ते नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या गावी. तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग त्यासाठी तेथे आले होते. आधारची ओळख ज्या गोष्टींवर उभी आहे त्यांतली एक म्हणजे बोटांच्या ठशांमधल्या रेषा. या रेषा आईच्या पोटात असतानाच बनतात आणि मरेपर्यंत त्यांची रचना बदलत नाही. वरची बाजू म्हणजे नख. ते रोज बदलते. आज जे नख आपण पाहतो, त्यातला कणही सहा-सात महिन्यांनी बोटावर नसतो.

ठशाचा सरकारी इतिहास याच देशात सुरू झाला. १८५८मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून करारावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. उद्देश एवढाच, की उद्या या माणसाने ‘ही सही माझी नव्हे’ असे म्हणू नये. १८९७मध्ये कलकत्त्याला बोटांच्या ठशांचे स्वतंत्र कार्यालय उघडले. ते जगातल्या अगदी सुरुवातीच्या अशा कार्यालयांपैकी एक होते. तेथील वर्गीकरणाची पद्धत एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जगभर गेली. ती प्रत्यक्षात बसवणारे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस मात्र बराच काळ तळटिपेत राहिले.

ठशाच्या मुळाशी असा अविश्वास आहे, आणि खानदेशातल्या आदिवासींना तो पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता. अक्षर न येणाऱ्याने अंगठा उठवायचा; कागदावर काय लिहिले आहे ते सावकाराला माहीत. शहादा-तळोदा पट्ट्यात आदिवासींच्या जमिनी कर्जाच्या आणि गहाणाच्या वाटेने दुसऱ्यांच्या नावावर गेल्या. १९७०च्या दशकाच्या आरंभी अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना यांनी त्या परत मिळवण्यासाठी जो लढा उभारला, त्याच्या मागे अशा अंगठ्यांचा मोठा इतिहास होता. ‘अंगठाछाप’ हा शब्द मराठीत शिवी म्हणून वापरला जातो. त्या शब्दात फसवणारा कोठेच दिसत नाही, दिसतो तो फक्त फसलेला. हे आपल्या भाषेने केलेले अन्यायाचे काम आहे, असे मला वाटते.

आता हाच हात पालथा करू.

नखाची रचना समजून घेतल्याशिवाय शाईची गोष्ट कळत नाही. आपण ज्याला नख म्हणतो तो कठीण पट्ट केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. केस आणि जनावरांची शिंगे ज्याची बनतात तेच हे प्रथिन. हा पट्ट निर्जीव असतो, म्हणून तो कापताना दुखत नाही. त्याच्याखाली गुलाबी दिसणारी सजीव त्वचा आहे. तिला नखशय्या म्हणतात. गुलाबी रंग नखाचा नसून खालच्या रक्तवाहिन्यांचा असतो. म्हणूनच अंगात रक्त कमी असले की नखे फिकी दिसतात. सिकलसेल आणि कुपोषण यांच्याशी झुंजणाऱ्या सातपुड्याच्या पाड्यांवर आरोग्य तपासणीत डोळ्यांच्या पापणीबरोबर नखेही पाहिली जातात, ती यासाठी. लोहाची कमतरता फार दिवस राहिली तर नखाचा आकारच पालटतो. मध्ये खोलगट, चमच्यासारखे नख होते.

नख तयार होते ते मात्र आपल्याला न दिसणाऱ्या जागी. बोटाच्या कातडीखाली, पट्टाच्या मागच्या टोकाला नखमूळ असते. तेथे नव्या पेशी जन्मतात, कठीण होतात आणि आधीच्यांना पुढे ढकलतात. अंगठ्याच्या नखाशी जी पांढुरकी चंद्रकोर दिसते, ती या नखमुळाचा बाहेर डोकावणारा भाग. आणि जेथे कातडी संपून नख सुरू होते, त्या सांध्यावर एक पातळ पापुद्रा घट्ट चिकटलेला असतो. त्याला उपत्वचा म्हणतात, ब्यूटी पार्लरच्या भाषेत क्युटिकल. घराच्या दाराला उंबऱ्याशी जशी फट बुजवलेली असावी, तसे त्याचे काम असते. पाणी, माती आणि जंतू नखमुळापर्यंत जाऊ नयेत म्हणून तो तेथे आहे. हा सांधा लक्षात ठेवा, कारण पुढे सगळी कथा याच जागेभोवती फिरते.

हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते. तर्जनीच्या नखाची दिसणारी लांबी बारा मिलिमीटरच्या आसपास धरली, तर मुळाशी पडलेली खूण टोकाला पोहोचायला सुमारे चार महिने लागतात. वय झालेल्या माणसाला आणखी थोडे. विल्यम बीन या अमेरिकन डॉक्टरने १९४१च्या सुमारास, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, दर महिन्याला आपल्या डाव्या अंगठ्याच्या नखावर उपत्वचेलगत एक बारीक रेघ कोरायला सुरुवात केली आणि ती टोकाला कधी पोहोचते ते टिपत राहिला. हे त्याने पस्तीस वर्षे केले! बत्तिसाव्या वर्षी त्याचे नख रोज ०.१२३ मिलिमीटर वाढत होते, सदुसष्टाव्या वर्षी ०.०९५. त्याच्याही शंभर वर्षे आधी, १८४६मध्ये, बो नावाच्या फ्रेंच वैद्याने दाखवून दिले होते की मोठ्या आजारपणात नखाची वाढ थबकते आणि तेथे आडवी खाच उरते. ती खाच मुळापासून किती पुढे आली आहे हे मोजले, की आजार कधी येऊन गेला ते सांगता येते.

आपल्याकडच्या बायकांना हे बो आणि बीन यांच्याशिवायही माहीत होते. लग्नातली मेंदी तळहातावरून दोन आठवड्यांत जाते. नखांवर मात्र ती कित्येक महिने राहते, फक्त दर महिन्याला थोडी पुढे सरकते आणि मागे कोरी चंद्रकोर सोडत जाते. सासरी आलेल्या मुलीला लग्नाला किती महिने झाले, हे तिच्या नखांवरून ओळखणारी एखादी आजी प्रत्येक गावात असायची.

जुन्या ग्रंथांनीही नखांकडे बारकाईने पाहिले आहे, पण त्यांचे हेतू वेगळे होते. चरकसंहिता पंधरवड्यातून तीनदा केस, दाढी आणि नखे काढायला सांगते. सुश्रुताने शस्त्रकर्मासाठी जी वीस शस्त्रे सांगितली त्यांत नखशस्त्र आहे, आणि रुग्णाकडे जाणाऱ्या वैद्याची स्वतःची नखे कापलेली असावीत, अशीही त्याची अट आहे. जंतूंचा शोध लागण्याच्या कितीतरी शतके आधीची ही अट आहे. वात्स्यायनाने कामसूत्रात प्रदेशांनुसार नखांचे वर्णन केले आहे. गौडांची, म्हणजे बंगालकडच्यांची, नखे लांब आणि हाताला शोभा देणारी. दाक्षिणात्यांची आखूड, कामाला टिकणारी. आणि महाराष्ट्रातल्यांची मध्यम, दोन्ही गुण असलेली. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी कोणीतरी आपल्या नखांना ‘दिसायलाही बरी आणि कामालाही बरी’ असे प्रशस्तिपत्र देऊन ठेवले आहे, हे वाचून मराठी माणसाला बरे वाटायला हरकत नाही. अर्थात ते नागरकाच्या दिवाणखान्यातले निरीक्षण आहे. शेतात राबणाऱ्याच्या नखांचा आकार काम ठरवते. नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्यांवर लाल मिरचीचे देठ खुडणाऱ्या मजूर बायकांची नखे पाहावीत. तेथे नख हेच हत्यार असते, आणि मिरचीची आग त्याच्या कडांमध्ये शिरून संध्याकाळी भाकरी थापताना आठवण करून देते.

नखे कापणे हे गावगाड्यात नाभिकाचे काम होते. त्याच्या धोकटीत वस्तऱ्याबरोबर नराणी असे, म्हणजे नखे काढायचे छोटे, चपटे, टोकाशी धार असलेले हत्यार. दिवेलागणीनंतर नखे काढू नयेत, या घरोघरच्या नियमामागे नराणीची धार आणि समईचा अपुरा उजेड असावा, असा माझा तर्क आहे. नख कोठवर कापायचे, कोपरा किती ठेवायचा, आत वाढलेले नख कसे सोडवायचे, हे ज्ञान पिढीजात नाभिकांकडे होते. बलुतेदारीत त्याचा मोबदला धान्याने मिळे.

पण हे ज्ञान गावातल्या प्रत्येक बोटापर्यंत पोहोचत नव्हते. ‘अस्पृश्य’ ठरवलेल्या जातींच्या माणसांची हजामत करायला, त्यांचा हात हातात घ्यायला गावचा न्हावी तयार नसे. तो तयार झालाच तर गाव त्याच्यावर बहिष्कार टाकी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की साताऱ्याला राहत असताना त्यांचे आणि भावंडांचे केस त्यांची मोठी बहीण कापत असे. साताऱ्यात न्हावी पुष्कळ होते आणि त्यांचे पैसे द्यायची कुटुंबाची ऐपतही होती. अडचण फक्त स्पर्शाची होती.

ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवून १९५१-५२च्या हिवाळ्याकडे या. भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा मतदार होते सतरा कोटींहून अधिक, आणि १९५१च्या जनगणनेनुसार देशाची साक्षरता जेमतेम १८ टक्के. आजचा नंदुरबार जिल्हा त्या वेळी मुंबई राज्यातल्या पश्चिम खानदेश जिल्ह्याचा भाग होता. छायाचित्र असलेले ओळखपत्र नव्हते. मतदारयाद्या पहिल्यांदाच बनत होत्या, आणि कितीएक बायकांनी आपले नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ असे सांगितल्यामुळे सुमारे २८ लाख नावे यादीत येऊ शकली नव्हती. अशा स्थितीत एका माणसाने दोनदा मत देऊ नये यासाठी काय करायचे? मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या पुढ्यात हा प्रश्न होता.

अंगठ्याचा ठसा घेणे हा एक मार्ग होता. पण ठसे ताडून पाहायला तज्ज्ञ आणि वेळ लागतो, आणि सावकाराच्या वहीची आठवण असलेल्या माणसाला तो पुन्हा त्याच खिडकीशी नेतो. म्हणून बोटावर सहज न पुसणारी शाई लावायचे ठरले. त्या निवडणुकीत शाईच्या ३ लाख ८९ हजार ८१६ कुप्या वापरल्या गेल्या, असा आकडा रामचंद्र गुहा यांनी दिला आहे. ती शाई आठवडाभर टिके.

नोंद घ्यावी अशी गोष्ट त्या शाईइतकीच ती लावण्याच्या कृतीत आहे. मतदान अधिकारी मतदाराचे बोट पाहतो, त्यावर आधीची खूण नाही याची खात्री करतो आणि मग शाई लावतो. प्रत्येकाचे बोट! पाटलाचे, सावकाराचे, मिरची खुडणारीचे आणि ज्याच्या हाताला गावच्या न्ह्याव्याने कधी स्पर्श केला नाही त्याचेही. अस्पृश्यता राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने १९५० सालीच संपवली होती. त्यासाठी शिक्षेचा कायदा यायला १९५५ साल उजाडावे लागले. या दोहोंच्या मधल्या काळात, एका दिवसापुरते का होईना, सगळ्यांची नखे एकाच हाताने, एकाच काडीने, एकाच कुपीतून रंगवली गेली. गावोगावच्या केंद्रांवर हे किती निर्विघ्न पार पडले असेल, याविषयी भाबडेपणा नको. पण नियम असा होता, आणि तो पहिल्यांदाच असा होता.

शाईच्या सुरुवातीच्या संशोधनाशी रसायनशास्त्रज्ञ सलीमुज्जमान सिद्दीकी यांचे नाव जोडले जाते. ते १९५१मध्ये पाकिस्तानात गेले. पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत एम. एल. गोयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम तडीस नेले. १९६२मध्ये निवडणूक आयोग आणि कायदा मंत्रालय यांनी प्रयोगशाळेच्या संमतीने ही शाई बनवण्याचा करार म्हैसूरच्या एका कारखान्याशी केला. नालवडी कृष्णराज वडियार यांनी १९३७मध्ये लाख आणि रंग बनवण्यासाठी काढलेला हा कारखाना आज ‘मैसूर पेंट्स अँड वार्निश’ या नावाने कर्नाटक सरकारच्या मालकीचा आहे. तेव्हापासून लोकसभा-विधानसभेची शाई तेथूनच येते. दहा मिलिलिटरची एक कुपी सुमारे सातशे मतदारांना पुरते. २०२४च्या लोकसभेसाठी अशा २६ लाखांहून अधिक कुप्या लागल्या. त्यांतल्या काही सरदार सरोवराच्या फुगवट्यातल्या गावांसाठी मतदान यंत्रांच्या पेट्यांबरोबर बोटीतून गेल्या, कारण नर्मदाकाठच्या त्या पाड्यांना जायला दुसरी सोयीची वाट नाही.

या शाईतला मुख्य घटक म्हणजे सिल्व्हर नायट्रेट, चांदीचा क्षार. लावताना ती जांभळट दिसते. त्वचेवरच्या घामातल्या मिठाशी तिची प्रक्रिया होऊन सिल्व्हर क्लोराइड बनते. त्यावर उजेड पडला की ते काळे पडते, कारण त्यातून चांदीचे अतिसूक्ष्म कण सुटे होतात. जुनी कृष्णधवल छायाचित्रे याच तत्त्वावर निघत. म्हणजे मतदान केंद्राबाहेर उन्हात आलेल्या प्रत्येक बोटावर एक लहानसे छायाचित्र ‘डेव्हलप’ होत असते, असे म्हणायला हरकत नाही. हे काळेपण पाण्याने, साबणाने, तेलाने जात नाही, कारण ते वर बसलेले नसते, वरच्या थरात मुरलेले असते. ते थर पडून गेले तरच जाते.

येथे नखाची रचना कामाला येते. कातडीचे वरचे थर सतत झडत असतात, म्हणून कातडीवरची खूण काही दिवसांत फिकी होते. उपत्वचेचा पापुद्रा कातडीपेक्षा चिवट. तेथे ती काही आठवडे राहते. आणि नखाचा पट्ट तर झडतच नाही, फक्त पुढे सरकतो. त्यामुळे त्यात मुरलेली खूण नखाबरोबर प्रवास करते. नखाच्या टोकाला शाई लावली तर पहिल्याच कापणीत ती जाईल. मुळाशी लावली तर तिला पूर्ण लांबी चालून जावी लागते. पूर्वी शाई नख आणि कातडी यांच्या सांध्यावर ठिपक्यासारखी लावत. १ फेब्रुवारी २००६पासून आयोगाने पद्धत बदलली. आता नखाच्या वरच्या टोकापासून बोटाच्या पहिल्या पेराच्या तळापर्यंत सरळ रेघ ओढतात. या एका रेघेत नखाचा पट्ट, उपत्वचा आणि कातडी असे तिन्ही पृष्ठभाग येतात, आणि प्रत्येकाची टिकण्याची मुदत वेगळी. कोणी कातडी घासून काढली तरी नख उरते. नख खरवडले तरी सांध्यावरची काळी कड उरते. शरीररचनेचा इतका नेमका उपयोग करणारा सरकारी आदेश क्वचित वाचायला मिळतो.

निवडणूक संचालन नियम, १९६१ यांतला ३७वा नियम मुळातून वाचावा असा आहे. बोट दाखवायला नकार देणाऱ्याला किंवा शाई पुसू पाहणाऱ्याला मतपत्रिका मिळत नाही, हे त्यात आहेच. पण डाव्या हाताला तर्जनी नसेल तर? मग डाव्या हाताचे दुसरे कोणतेही बोट. डाव्या हाताला बोटेच नसतील तर उजव्या हाताची तर्जनी. तीही नसेल तर उजव्या हाताचे दुसरे एखादे बोट. दोन्ही हातांना बोटे नसतील, तर हाताचे जे टोक असेल त्याला शाई लावावी. कुष्ठरोगाने, उसाच्या चरकाने किंवा यंत्राने बोटे नेलेली माणसे या देशात होती आणि आहेत. नियम लिहिणाऱ्याने त्यांना वगळले नाही. बोटावर तेलकट थर दिसला तर तो कापडाने पुसून मगच शाई लावावी, अशी सूचनाही मतदान अधिकाऱ्यांना असते. नेलपॉलिशचे गणित निराळे आहे. शाई रंगावरच बसली तर ती नखात मुरत नाही आणि रंगाबरोबर निघू शकते. तेव्हाही बाजूची उपत्वचा आणि कातडी साक्ष देतातच.

ही साक्ष कमकुवत झाली तर काय होते, हे ऑक्टोबर २००४मध्ये अफगाणिस्तानात दिसले. तेथील पहिल्या अध्यक्षीय निवडणुकीत मतदान चालू असतानाच शाई धुतली जात असल्याच्या तक्रारी आल्या आणि हमीद करझाई यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या उमेदवारांनी बहिष्काराची घोषणा केली. काही केंद्रांवर खुणेच्या शाईऐवजी साधे पेन वापरले गेले होते. पुढे बहिष्कार निवळला, पण एका चुकीच्या पेनाने अख्ख्या निवडणुकीच्या विश्वासार्हतेवर प्रश्न उभा राहिला होता.

आपल्याकडे उलटा मोह झाला : शाई इतकी खात्रीची, तर ती इतर कामांनाही का वापरू नये? नोव्हेंबर २०१६मध्ये जुन्या नोटा बदलून घेणाऱ्यांच्या उजव्या हाताच्या बोटाला ही शाई लावायचे सरकारने जाहीर केले. पोटनिवडणुका तोंडावर होत्या. आयोगाने अर्थ मंत्रालयाला पत्र लिहून आक्षेप घेतला. मार्च २०२०मध्ये कोरोनाच्या पहिल्या लाटेत महाराष्ट्राने परदेशांतून आलेल्यांच्या डाव्या हातावर गृहविलगीकरणाचे शिक्के मारायला सुरुवात केली. त्याच महिन्यात आयोगाने अशा शिक्क्यांसाठी मतदानाची शाई वापरायला परवानगी दिली, पण शरीरावरची जागा ठरवून द्यावी आणि मतदानाच्या खुणेशी गोंधळ होऊ नये, अशी अट घातली. ते शिक्के पाहून लोकांनी शेजाऱ्यांना हटकले, रेल्वेतून उतरवले. मतदानाची रेघ लोक फोटो काढून मिरवतात; तशाच शाईचा मनगटावरचा शिक्का लपवावा लागला. फरक शाईचा नव्हता. एक खूण माणसाने स्वतः जाऊन घेतली होती, दुसरी त्याच्यावर मारली गेली होती.

आता थोडे व्यवहाराचे. मतदानानंतर रेघ घालवण्यासाठी ब्लेडने उपत्वचा खरवडण्याचे उद्योग काही जण करतात. तो पापुद्रा फाटला की पाणी आणि माती थेट नखमुळाशी जाते आणि नखुरडे होते : कड लाल होते, ठणकते, पू धरते. लिंबाला भोक पाडून त्यात बोट घालून बसलेला माणूस आपण सगळ्यांनी पाहिला आहे. पू धरल्यावर मात्र डॉक्टरकडेच जावे. पार्लरमध्ये उपत्वचा पूर्ण कापून घेण्याविषयीही हेच लागू आहे. फार तर कोमट पाण्यात भिजवून ती अलगद मागे सारावी. नख सरळ कापून कोपरे किंचित गोल करावेत, आत खोल कोरू नयेत. पायाच्या बाबतीत तर हे अधिकच पाळावे, कारण आत वळलेला कोपरा तेथेच रुततो आणि ते नख हाताच्या नखाच्या निम्म्यानेही वाढत नसल्याने चूक सुधारायला वर्ष लागते.

आणि रेघेने आपला प्रवास पूर्ण करायच्या आतच पुन्हा मतदानाची वेळ आली तर? एखाद्या केंद्रावर फेरमतदान झाले, की मतदाराच्या तर्जनीवर काही दिवसांपूर्वीची रेघ तशीच असते. ती पुसायला कोणी सांगत नाही, आणि तिच्यामुळे कोणाला परतही पाठवत नाहीत. नवी रेघ शेजारच्या बोटावर, डाव्या हाताच्या मधल्या बोटाच्या नखावर ओढली जाते.